बंदुकीच्या फोटोला फूल

सांगलीत माझं फोटोचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय हो, कापडवाल्याच्या वरची एक माडी! उत्तरेला मोठी काचेची खिडकी आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, आणि मागं असला एक डोंगर की अख्ख्या सातारा जिल्ह्यात हिंडलात तरी सापडायचा नाही. माणसं यायची, हंसांपुढं खुर्चीत बसायची आणि डॉक्टरनं जीभ बघायला बोलावल्यासारखी तोंडं करायची. त्या हंसांचा मला इतका वीट आला होता की एखाद्या दिवशी काडी लावून मोकळा झालो असतो. पण पोट त्यांच्याच जिवावर चाललेलं.

बेचाळीस साल होतं. ऑगस्टपासून सगळा मुलूख पेटलेला. कुठं तारा तुटत होत्या, कुठं कचेऱ्यांवर मोर्चे जात होते. सांगली तेव्हा संस्थानात होती, पण जवळचं आष्टा, त्याच्या पलीकडची गावं, ती सगळी इंग्रजी हद्द, सातारा जिल्हा. तिकडं सरकारनं धसका घेतला आणि गावोगाव दवंडी पिटली की ज्यांच्या ज्यांच्या घरात लायसनच्या बंदुका आहेत त्यांनी त्या तालुक्याच्या कचेरीत आणून जमा कराव्यात.

दवंडी झाली तिकडं आणि गिऱ्हाईक आलं माझ्याकडं! एक पाटील जिना चढून वर आले. काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. खुर्चीत बसले, धोतर सोडलं, तर आत एकनळी बंदूक. लाकडी दस्त्याला तेल लावून लख्ख पुसलेली.

"हिचा फोटू काढा," पाटील म्हणाले.

"हिचा? का तुमचा?"

"आमा दोघांचा. उद्या हिला कचेरीत पोचवायची. परत कवा यील कुणाला ठावं?" असं म्हणताना त्या एवढ्या मिशाळ माणसाचा आवाज फाटला हो. लेक सासरी धाडताना फाटतो तसा.

मी त्यांना पडद्यापुढं उभं केलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघतो तर काय, पाटील हंसांची शिकार करायला आलेत! मला हसू आवरेना. आणि हसता हसता एकदम डोक्यात उजेड पडला. मी कापडाबाहेर आलो आणि म्हणालो, "पाटील, इथं नको. तुमच्या घरी येतो. ती रोज जिथं टांगलेली असते तिथंच काढू."

"घरला येनार? मशीन घिऊन?" पाटलांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

त्या दिवसापासून माझ्या अंगात वारं शिरलं. कॅमेरा, त्याचं तिपाई स्टँड, ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचांची पेटी असा सगळा लवाजमा घेऊन मी निघालो. लढाईमुळं काचा मिळत नव्हत्या. लग्नसराईसाठी जपून ठेवलेल्या होत्या त्याच काढल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "आरं, लग्नात काय काढशील, कपाळ?" म्हटलं, लग्नं दर साली होतात, बंदुका एकदाच जमा होतात! कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार, कुणाची बैलगाडी, कुणाची सायकल, मिळेल त्यानं जायचो. एकदा तर रेल्वेनं पार कोरेगावापर्यंत गेलो. जेवायला कुठंही बसायचो. झुणका-भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि तोंडात घास असतानाच पुढच्या गावचा माणूस दारात उभा, "आवं चला की, आमची बी जायाची हाय!"

आणि काय काय बघितलं त्या दिवसांत! बंदूक म्हणजे मारायची वस्तू अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. एका घरी विचारलं, "शेवटची कधी उडवली?" मालक बघतच राहिला माझ्याकडं. म्हणाला, "उडवायची कशाला? हाय म्हनून सांगायची." सोयरीक जुळवताना मुलीकडचे आधी विचारायचे, बंदुकीचं घर आहे का? मग पोरगा काळा का गोरा ते. माजघरात दोन खुंट्यांवर ती टांगलेली असायची, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या घडीत, आणि येणाऱ्या पाहुण्याची मान आपोआप वर जावी अशी जागा बघून.

आष्ट्यात तंबाखूचे एक मुसलमान व्यापारी होते. त्यांनी तर मला गारच केलं. चांगली कोचाची खुर्ची अंगणात मांडली, तिच्यावर बंदूक ठेवली आणि स्वतः शेजारी हात बांधून उभे राहिले. मी म्हटलं, "चाचा, बसा की तुम्ही." तर म्हणाले, "आवं, ही आमच्या आज्याच्या येळची. वडीलधारी हाय. ती बसंल, आमी हुबं ऱ्हाऊ." घ्या! मी मुकाट्यानं कॅमेऱ्याचा रबरी गोळा दाबला. तो फोटो आजही डोळ्यापुढं आला की मला माणसांविषयी लय प्रेम वाटतं.

असं करत करत पेटीत एकच काच उरली. त्याच दिवशी आष्ट्याच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका गावातून निरोप आला. तिथले एक पेन्शनर म्हातारबुवा, पहिल्या लढाईत जाऊन आलेले, फोटो काढा म्हणत होते. गावात त्यांना सगळे आबा म्हणायचे. घरात आबा, त्यांची बायको म्हणजे काकी, आणि सून. एकुलता एक मुलगा पलटणीत, समुद्रापार. पावसाळा लागल्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

मी पोचलो तेव्हा अंगणात सगळी भावकी जमलेली. आबा फेटा बांधून, छातीला जुनी पदकं लावून तयार. हातात ठासणीची बंदूक. आबा म्हणाले, "दमानं घ्या फोटूवालं. हिच्यात बार भरल्याला हाय."

"भरलेला? का बरं?"

"डुकरं येत्यात उसात. सांजंला भरून ठेवाया लागती. आता जमा करायची तर आदी बार काढाया पायजे. ठासल्याला बार म्हागारी न्हाई निघत, उडवायाच लागतो. म्हनलं फोटू बी निगंल आनि बार बी निगंल."

अहो, मी तर नाचायचाच बाकी राहिलो! आजवर सगळ्या गप्प बंदुका काढल्या होत्या. उडणाऱ्या बंदुकीचा फोटो, धुरासकट! आणि शेवटच्या काचेवर! मी घाईघाईनं स्टँड लावलं, ऊन बघितलं, आबांना सांगितलं की नळी चिंचेच्या बुंध्याकडं धरा. कापडात डोकं घातलं. काचेवर सगळं उलटं दिसतं, वरचं खाली, डावं उजवं. त्या उलट्या चित्रात आबांनी बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि नळीचं काळं भोक सरळ माझ्याकडं आलं.

"आबा! आवं, माझ्याकडं हाय नळी!" मी कापडासकट मागं पडलो. पोरं पळाली, बाया ओरडल्या. कुणीतरी आबांचा हात धरून नळी आभाळाकडं केली.

मला संताप तर असा आलेला, की दोन शब्द तोंडातून सुटणारच होते. तेवढ्यात आबांच्या डोळ्यांकडं बघितलं. दोन्ही बुबुळांवर दूध सांडल्यासारखं पांढरं.

"दोन सालं झाली," आबा हळू आवाजात म्हणाले. "सावल्या दिसत्यात निस्त्या."

"मग उसातली डुकरं कोण मारतं?"

भावकीतले सगळे एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागले. मला कळलं की हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कुणी कधी तोंडानं बोललेलं नाही. आबांनी हनुवटीनं दाराकडं खूण केली. दारात सून उभी होती. विशीतली, उंच, डोक्यावर पदर, हातात सूप.

"ती," आबा म्हणाले. "मीच शिकीवली. रानातल्या माळ्यावर बसती, येकटी. औंदा येक सरी उसाची जाऊ दिली न्हाई तिनं." मग त्यांनी मोठा श्वास घेतला. "बार तीच काढंल. आनि फोटू बी तिचाच काढा."

काकी तीरासारख्या पुढं आल्या. "काय म्हनताय काय? सुनंचा फोटू? बंदूक घिऊन? फौजदारानं बघितला म्हंजी? लायसन तुमच्या नावाचं हाय न्हवं?"

"फोटू घरात ऱ्हाईल. काय हो फोटूवालं?"

"माझ्या दुकानात लागणार नाही. आईची शपथ," मी म्हणालो. म्हणताना जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू!

सून सूप खाली ठेवून पुढं आली. बंदूक घेण्याआधी मला विचारलं, "भाऊ, फोटू पत्रातनं जातो?"

"जातो की. लहान काढून देतो. कुठं धाडायचा?"

"त्यास्नी." एवढंच बोलली आणि लाजून लाल झाली. मग हळूच म्हणाली, "ऊस हुबा हाय म्हनून कळंल. माजा कुटं हाय फोटू? येक बी न्हाई. लग्नात बी काडला न्हवता."

तिनं पदर कमरेला खोचला, डोक्यावरचा नीट केला आणि बंदूक उचलली. काय सांगू तुम्हाला! इतके मिशीवाले बघितले, पण दस्ता असा खांद्यात बसलेला मी बघितला नव्हता. गाल दस्त्यावर टेकला, उजवा डोळा नळीच्या रेघेत, डावा हात पुढं, हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकलेल्या. मी म्हटलं, "ताई, मी सांगेन तेव्हा." ती नुसतं "हं" म्हणाली, मान न हलवता.

"आता!"

धाडकन बार झाला. चिंचेवरचे कावळे उठले, बैलांनी दावी ताणली, आणि मी त्याच झटक्यात गोळा दाबला. धुराचा हा एवढा लोट नळीच्या तोंडाशी. ती तिथंच उभी, पापणी सुद्धा लवली नाही. अंगणात पोरांनी एकच गिल्ला केला. आबा फेटा उडवून विचारत होते, "लागला का? बुंध्याला लागला का?" लागला होता, छातीच्या उंचीवर, झाडून सगळे छर्रे.

मी सांगलीला आलो आणि चपला सुद्धा न काढता डार्करूममध्ये शिरलो. लाल दिव्याखाली काच औषधाच्या पाण्यात हलवत होतो आणि देवाला हात जोडत होतो, तेही ओल्या हातांनी. आधी धूर उमटला. मग नळी. मग हात, बांगड्या, गाल, डोळा. सगळं! सुईच्या टोकासारखं सगळं! मी असा ओरडलो आणि असे पाय आपटले की खालून कापडवाल्यानं छताला गज मारला, "मेलास का काय रं?" म्हटलं, मेलो न्हाई, तरलो! माझ्या हातून तसा फोटो आधी निघाला नव्हता आणि नंतरही कधी निघाला नाही.

एक मोठा फोटो आबांच्या घरी नेऊन दिला, एक लहान नवऱ्याला धाडायला. सुनेनं मोठा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "एवडी उंच हाय व्हय मी?" बंदूक तोवर कचेरीत गेली होती. भिंतीवरच्या दोन खुंट्या मोकळ्या होत्या, त्यांच्या मधोमध आबांनी खिळा मारून फोटो लावला.

आता मजा ऐका. दसरा जवळ आला आणि माझ्या जिन्यावर रांग लागली! तेच मिशीवाले, तेच पाटील. हातात मीच दिलेले फोटो. आणि म्हणणं काय? "मला काढा ह्यातनं!"

"म्हणजे?"

"मानूस काढा, बंदूक ठिवा."

मला वाटलं, सगळ्या मुलखाला एकदम वेड लागलं. मग उलगडा झाला. खंडेनवमी आली होती. त्या दिवशी घरातल्या हत्याराची पूजा करायची, हळदीकुंकू लावायचं, फूल वाहायचं. बंदुका कचेरीत, म्हणून लोकांनी ठरवलं की फोटोतल्या बंदुकीचीच पूजा करू. इथवर ठीक. पण फोटोत बंदुकीशेजारी मालक उभा, धडधाकट, जिवंत! आणि फोटोला फूल कुणाच्या वाहतात? गेलेल्या माणसाच्या. जित्या माणसाच्या फोटोला फूल म्हणजे यमाला आवतण! घरोघरच्या बायका रडायला लागलेल्या. ज्यांनी तेव्हा "मला नीट घ्या, मिशी पुरी येऊ द्या" म्हणून माझा जीव खाल्ला होता, तेच आता "मला समदा काढा" म्हणून पाया पडत होते. मी हसून हसून लोळलो. बहुतेकांनी बंदूक बाजूला उभी धरलेली होती, त्यामुळं काम सोपं. काळ्या कागदानं माणूस झाकायचा आणि बंदुकीपुरता फोटो छापायचा. फार तर चार बोटं राहायची. बोटांना फूल चालतं म्हणाले.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी दमून चहा पीत बसलो होतो. जिन्यात बांगड्या वाजल्या. काकी वर आल्या, मागं सून. काकींच्या हातात तो फोटो, फडक्यात बांधलेला.

काकी खाली बसल्या आणि एका दमात बोलल्या. "ल्योक पलटनीत हाय. चार म्हैनं झालं, चिठी न्हाई. सैनिकाच्या घरात आज हत्यार पुजल्याबिगर ऱ्हाईलं तर त्येच्या जिवाला बरं न्हाई. आनि फोटूला फूल वाहावं तर ही मदी हुबी. भरल्या कपाळाची. हिच्या फोटूला फूल वाहिलं तर हिच्या जिवाला बरं न्हाई. मी काय करू? तुमीच हिला पुसा ह्यातनं."

माझं डोकंच सटकलं! सगळ्या मिशीवाल्यांना हसत हसत कापलं होतं, पण हिला? "काकी, माझ्या जन्मातला सगळ्यात चांगला फोटो हाय हा! त्यातून हिला पुसू? मग राहिलं काय? दुसऱ्या कुणाच्या बंदुकीचा फोटो देतो, न्या."

"दुसऱ्याची बंदूक आपल्या घरात पुजतात व्हय? काय तरीच!"

"मग मी नाही पुसणार. चालत्या व्हा!" मी खरंच ओरडलो. म्हातारीवर ओरडलो. ती रागावली सुद्धा नाही, फडक्याच्या गाठीशी चाळा करत बसली.

तेव्हा सून बोलली. "पुसा, भाऊ."

"ताई, तुझा एकुलता एक फोटो आहे."

"त्यास्नी धाडलाय तो हाय की. पोचला आसंल नसंल." तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "त्यांच्यापरास माजा फोटू मोठा हाय व्हय? पुसा."

मी मुकाट्यानं पेटीतून ती काच काढली आणि खिडकीच्या उजेडाला धरली. काळा कागद लावून बघितला. असा लावला, तसा लावला, तिरका कातरून लावला. आणि एकाएकी ध्यानात आलं. इतरांनी बंदूक शेजारी धरली होती. हिनं खांद्यात घेतली होती! दस्ता तिच्या खांद्यात रुतलेला, गाल दस्त्यावर. तिचं तोंड झाकावं तर दस्ता जातो. दस्ता ठेवावा तर तिचं तोंड राहतं.

"काकी, इकडं या. बघा. हिला काढली तर दस्ता जातोय. निम्मी बंदूक उरंल."

काकींनी काचेकडं बघितलं, पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितलं. "निम्मी? खंडित?"

"खंडित."

खंडित मूर्ती पुजत नाहीत, खंडित हत्यार पुजत नाहीत, हे काय मी सांगायला हवं होतं? काकी तिथंच भिंतीला टेकल्या आणि रडायला लागल्या. इतका वेळ दगडासारखी बसलेली बाई, पण अशी रडली की मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. "आता माज्या लेकाचं काय वं? काय करू मी?" एवढंच पुन्हा पुन्हा. सून शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होती, आणि स्वतःही रडत होती.

बऱ्याच वेळानं काकी उठल्या. फोटो फडक्यात बांधला. म्हणाल्या, "चल गं. दिस मावळायच्या आत घरला जायाला पायजे." काय ठरवलं ते सांगितलं नाही. मला दुकानात बसवेना. मीही चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर मोटारीत चढलो. आष्ट्यात मोटारीत कोळसा घालायला थांबले तेव्हा मी चारदा खाली उतरून ड्रायव्हरला घाई केली.

घरी पोचलो तर आबांनी सगळं मांडायला लावलेलं. माजघर सारवलेलं, पाटावर विळे, कोयते, कुदळी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पुसून. झेंडूच्या फुलांची पाटी भरलेली. भावकी दाराशी उभी. सगळ्यांना ठाऊक होतं काकी कशाला सांगलीला गेल्या होत्या ते.

"काडलं का तिला?" आबांनी विचारलं.

काकींनी पाय धुतले, फोटो सोडला आणि पाटावर तांब्याला टेकून उभा केला. तसाच्या तसा, सुनेसकट. दाराशी कुजबूज झाली. कुणी बाई म्हणाली, "अगं बया, ही काय करतीया?"

काकींनी कोयत्याला कुंकू लावलं, विळ्यांना लावलं, फाळाला लावलं. मग झेंडूचं एक फूल उचललं आणि हात फोटोकडं नेला. हात मध्येच थांबला. फोटोतली सून नळीच्या रेघेत बघत होती, खरी सून दारामागं तोंडावर पदर धरून उभी.

काकींनी फूल परत पाटीत टाकलं. वळल्या. "हिकडं ये गं."

सून आली. काकींनी दुसरा पाट ओढला आणि हत्यारांच्या ओळीत, फोटोला लागून, मांडला. "बस हितं."

"हितं? आवं आत्याबाई, हत्यारात?"

"बस म्हनती न्हवं?"

सून बसली, अंग चोरून, जणू पाट तापलेला आहे. काकींनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. गालांना हळद लावली. मग पाटीतलं सगळ्यात टपोरं फूल घेऊन तिच्या अंबाड्यात खोवलं आणि दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "जितीला आदी वाहिलंय. आता फोटूला वाहिलं तर कोन म्हनतंय मेल्यालीला वाहिलं म्हनून? म्हनावं माज्या म्होरं यिऊन!"

कुणाची छाती होती! आबांनी मांडीवर थाप मारली, "वा गं माजी वागीन!" आणि माझ्या तोंडातून शिट्टी निघाली, देवाशप्पथ, पूजेत शिट्टी! काकींनी दुसरं फूल उचललं आणि या वेळी मध्ये न थांबता फोटोला वाहिलं.

मग त्यांनी पदर पसरला, गुडघ्यावर बसल्या आणि हात जोडले. सून घाबरून उठायला लागली, "आत्याबाई, मला नगा... पाप लागंल मला."

"गप बस! तुला कोन जोडतंय? मी बंदुकीला जोडतीया."

फोटो त्यांच्या उजव्या हाताला होता. काकींचं तोंड समोर, सुनेकडं होतं. डोळे मिटून, हात तसेच जोडून त्या म्हणाल्या, "रान राखलंस. आता माजा ल्योक राख."

सुनेनं मान खाली घातली. अंबाड्यातलं फूल हललं.

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली.